लूत आणि उष्णता

आमच्या फुवांइतका हताश माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल, आणि इतका हताश असूनही सकाळपासून कामाला जुंपलेला तर नसेलच नसेल. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पारोळ्याला घर, गावाबाहेर कपाशीचं शेत. पण शेत बघायची आत्या. फुवांनी स्वतःला वाहून घेतलं होतं ते जनावरांच्या लुतीला. कुत्रं असो, म्हैस असो, बकरी असो, केस झडून कातडं खरबरीत झालं की फुवा डालडाचा डबा घेऊन हजर. डब्यात करंजाच्या तेलात खललेलं गंधक. जनावराला मांडीखाली दाबून ते चोळत बसायचे आणि मालकाला धीर म्हणून एकच वाक्य ऐकवायचे, "आते काय उपयोग शे? पन लाई टाक." आता काय उपयोग आहे, पण लावून टाक. बरं झालेल्या जनावराकडेसुद्धा ते सुतकी तोंडानेच बघत. रानातल्या कोल्ह्यांना लूत आहे, कोल्हे गावाच्या उकिरड्यावर येतात, मग ही जाणार कशी, असा त्यांचा हिशेब. तो खोटाही नव्हता.

त्या गंधकाचा वास फुवांच्या अंगात इतका मुरला होता, की ऐन लग्नसराईत धुळ्याच्या एसटीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची. आमच्या घरी येऊन गेले की माझी बायको दोन दिवस उशांचे अभ्रे धूत बसे. मी तिच्यावर चिडायचो आणि खिडक्या मात्र स्वतःच उघडायचो.

वासाचं एक वेळ चाललं असतं, पण फुवांचं तोंड! माणसाला होते ती खरूज आणि कुत्र्याला होते ती लूत, एवढा साधा फरक त्यांना मान्य नव्हता. किडा एकच, मग नावं दोन कशाला? धुळ्याला एका साखरपुड्यात मुलाचे काका मनगट खाजवत बसले होते. फुवांनी भर मांडवात त्यांचा हात ओढला, बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "लूत शे." सोयऱ्याला कुत्रा म्हटल्यासारखंच झालं ते. तेव्हापासून आत्या त्यांना कार्याला न्यायचीच बंद झाली.

फुवांचा जीव मात्र एका कुत्र्यात. काळाकुळीत कुत्रा, नाव तलाठी. शोधाल तेव्हा सापडायचा नाही म्हणून तलाठी. ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात या तलाठ्यालाच लूत लागली. फुवांनी डबेच्या डबे रिकामे केले. केस यायचे, पुन्हा झडायचे. अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली आणि त्यांची एकुलती एक लेक माहेराला आली. आपल्या लहान मुलीला, त्यांच्या नातीला घेऊन. नात दिवसभर तलाठ्याच्या गळ्यात पडलेली. चार दिवसांत तिच्या पोटावर बारीक पुरळ उठलं आणि पोर खाजवून रडू लागली.

मी तेव्हा तिथेच होतो. सगळ्यांनी फुवांकडे पाहिलं. फुवांनी नातीचं पोट पाहिलं, कोपऱ्यातल्या तलाठ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "उष्णता शे." उभ्या आयुष्यात हा माणूस 'लूत' म्हणायला चुकला नव्हता. लेकीने पिशवी भरायला घेतली. सासरी काय सांगू, असं म्हणाली, आणि हा कुत्रा दारात असेल तर पुढच्या आखाजीला मी येणार नाही, असंही म्हणाली. फुवा ओट्यावर बसून राहिले. मग आपल्याशीच बोलल्यासारखं "लूत शे" म्हणाले, दोरी घेतली आणि तलाठ्याला शेताकडे घेऊन गेले.

शेतातल्या बाभळीला त्यांनी त्याला बांधलं. रोज भाकरी आणि डबा घेऊन जात. एका सकाळी दोरी तुटलेली होती आणि तलाठी नव्हता. मग या माणसाने काय करावं? बाभळीच्या बुंध्याला कुत्र्याच्या उंचीवर गोणपाट गुंडाळलं आणि त्यावर तेल ओतायला सुरुवात केली. अंगाला खाज सुटली की तो इथे येऊन अंग घासेल, औषध आपोआप लागेल. लोक हसले. मीही हसलो, पण त्यांच्यासमोर नाही.

पुढच्या आखाजीला लेक आली. निंबाला झोका बांधला, पोरीबाळींची गाणी सुरू झाली, नात ठणठणीत होती, आणि फुवा घरात नव्हते. आत्याने मला शेतावर पिटाळलं. फुवा बाभळीखाली उकिडवे बसून गोणपाटाला चिकटलेले केस एकेक करून काढत होते. त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. भुरे, पिवळट केस. एकही काळा नव्हता.

"तलाठ्याचेच आहेत, फुवा," मी म्हणालो. "उन्हाने रंग उडालाय."

"खोटं नको बोलू. कोल्हाना शेतस." कोल्ह्याचे आहेत.

त्यांनी फुंकर मारून केस उडवले. गावातून झोक्यावरची गाणी अर्धीमुर्धी ऐकू येत होती. मग त्यांनी डबा उचलून माझ्या हातात दिला आणि गोणपाटाकडे बोट केलं.

"लाई टाक," म्हणाले. या वेळी 'काय उपयोग' मात्र म्हणाले नाहीत.