मंगळवारचं खोकं

कॅझिमिर द्रोब्नाकला सगळं ईरी शहर कॅझ म्हणायचं. त्याच्या हाताखाली राबणाऱ्या आम्ही पोरी त्याच्या पाठीमागे त्याला ‘खडूस’ म्हणायचो. तळ्याकाठच्या रस्त्यावर त्याचं नाश्त्याचं हॉटेल होतं. रात्रपाळी संपवून इंजिनांच्या कारखान्यातून सुटलेले लोक तिथे पोटभर खाऊन मगच घरी झोपायला जायचे. मी तिथे बावीस वर्षं ताटं वाहिली. तेवढ्या काळात कॅझने कधी काही मोजून टाकलेलं मी पाहिलं नाही. एखाद्या नव्या पोरीने विचारलंच, की मीठ किती, तर तो म्हणायचा, “हात पुढे कर. बघू तुझी मूठ केवढी आहे.” एवढीच शिकवणी. कुणी ताट परत पाठवलं, तर तो हात पुसत बाहेर येऊन त्या गिऱ्हाइकासमोर नुसता उभा राहायचा. बोलायचा नाही. गिऱ्हाईक बिचारं मुकाट्याने खायला लागायचं.

त्याची बायको लोरेटा शाळेची बस चालवायची. तिला स्वयंपाक येत नव्हता आणि त्याची तिला लाजही नव्हती. लग्न झाल्यावर तिने एकदा अंडी उकडली होती, त्यानंतर कॅझने तिला शेगडीपाशी फिरकू दिलं नाही, असं ती हसत हसत सांगायची.

आधी सूप खारट व्हायला लागलं. मग एके दिवशी पॅनकेकच्या पिठात साखरेऐवजी भलतंच काहीतरी पडलं आणि एकाच सकाळी पाच ताटं परत आली. कॅझ बाहेर आला, पण गिऱ्हाइकांसमोर उभा राहिला नाही. खिडकीपाशी जाऊन तळ्याकडे बघत बसला. त्या उन्हाळ्यात त्याने हॉटेल विकलं. गुडघे गेले, असं सगळ्यांना सांगितलं. आम्हीही मान डोलावली.

त्यांचं घर माझ्या घरापासून दोन घरं सोडून. जाता-येता मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसायचा. कपाट उघडायचा, बघायचा, बंद करायचा, मग दुसरं उघडायचा. काय शोधायला आलो हेच त्याला आठवायचं नाही. एकदा त्याने कोबीच्या पानात खिमा भरून भलंमोठं पातेलं रांधलं. त्याच्या आईच्या हातचा तो पदार्थ. सगळं शिजल्यावर आत भात घालायचाच राहिला हे त्याच्या लक्षात आलं. त्याने पातेलं उचललं, मागच्या अंगणात नेलं आणि बर्फावर पालथं केलं. त्यानंतर दोघं डब्यातलं सूप गरम करून खायला लागली.

अशात लोरेटाने कुठेतरी जाहिरात पाहिली. आठवड्याला एक खोकं घरी येतं. त्यात तीन जेवणांचं सगळं सामान मोजूनमापून, वेगवेगळ्या पिशव्यांत. सोबत एक जाड कागद, त्यावर पायरीपायरीचे फोटो. पहिले काही आठवडे निम्म्या किमतीत. तिने मागवून टाकलं.

लोरेटाची मोठी बहीण बर्नाडीन हिच्या कानावर ते गेलं मात्र, ती तडक घरी आली. बर्नाडीनने चार पोरं बटाट्यावर वाढवलेली. तिने टेबलावर सामान मांडलं आणि एकेक पुडी दोन बोटांत धरून बघितली.

“दोन गाजरं,” ती म्हणाली. “एक लसणीची पाकळी. आणि हे काय, चमचाभर व्हिनेगर, तेही बाटलीत? लोरेटा, एवढ्या पैशात मी सगळ्या चर्चला जेवायला घालीन.”

“मग घाल.”

“घालीनच. पण तुला अक्कल कधी येणार?”

कॅझचंही काही वेगळं म्हणणं नव्हतं. तो त्या पुड्यांकडे बघून म्हणाला, “ही काय भातुकली आणलीस? मी काय सहा वर्षांचा आहे?” पण खोकं मंगळवारी आलं, आणि बुधवारी बर्नाडीन गेल्यावर कांदा चिरल्याचा आवाज आला. लोरेटा सांगते, ती बाहेरच्या खोलीत जागच्या जागी बसून राहिली. तो आवाज तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. एकसारखा, भराभर, मध्ये एकदाही न थांबणारा.

कारण हातांना सगळं आठवत होतं. आठवत नव्हतं ते बाकीचं, म्हणजे पुढे काय, कशात काय, ते कुठे ठेवलंय. ती सगळी आठवण खोक्यातून विकत मिळत होती. एका पिशवीत एका जेवणाचं सामान. पिशवी रिकामी झाली की काम झालं. फोटोत कांदा लाल दिसला की आपला कांदाही लाल करायचा. मसाल्याची पुडी मात्र तो पहिले काही दिवस सरळ कचऱ्यात टाकायचा. “धूळ आहे नुसती,” म्हणायचा.

मला ते अधूनमधून जेवायला बोलवायचे. लिंबू आणि लोण्यातला मासा, खरपूस बटाटे, कसल्याशा हिरव्या चटणीतलं कोंबडीचं मांस. चव हॉटेलासारखी नव्हती, खोटं कशाला बोलू. पण ताट तो तसाच आणून ठेवायचा, कडा फडक्याने पुसून, आणि आम्ही पहिला घास घेईपर्यंत उभाच राहायचा.

सवलतीचे आठवडे संपले तशी किंमत दुप्पट झाली. लोरेटा निवृत्त झाली होती. ती पुन्हा सकाळची बस चालवायला लागली. कॅझला किंमत तिने कधीच कळू दिली नाही. बर्नाडीनला मात्र सगळं कळायचं, आणि ती दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तोच विषय काढायची. साठीनंतर बर्फात बस हाकायची, ती कशासाठी, तर दोन गाजरांसाठी. लोरेटा एकदा वैतागून म्हणाली, “तुझा नवरा दारू पीत होता तेव्हा मी हिशेब विचारला होता का?” त्यानंतर दोघी महिनाभर बोलल्या नाहीत.

त्यांचा मुलगा डेनिस टेक्सासात असतो. लोरेटा त्याला फोनवर सांगत होती की वडिलांचं काही खरं नाही, ये, आपण बसून ठरवू. डॉक्टरला दाखवायचं नाव काढलं की कॅझ गाडीत बसायलाच तयार होत नव्हता. मुलगा असता तर त्याने ऐकलं असतं. शेवटी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी डेनिस चार दिवसांसाठी आला. तो आला मंगळवारी.

चारही दिवस कॅझने रांधलं. तीन जेवणं खोक्यातली, आणि एकदा लोरेटाने आधीच्या आठवड्याच्या खोक्यातून राखून ठेवलेलं. तिने असं का केलं ते तिला तेव्हाही नीट सांगता आलं नाही. मुलापुढे बापाची शोभा होऊ नये असं वाटलं असेल. डेनिसने बापाचा सुरी चालवणारा हात बघितला, गरम ताट बघितलं, आणि जाताना दारात आईला म्हणाला, “आई, तू थकली आहेस. बाबा तर माझ्यापेक्षा बरे आहेत. तू उगाच धसका घेतलायस.”

लोरेटा काय बोलणार? जे तिने दाखवलं तेच त्याने पाहिलं होतं.

डेनिस गेल्यावर कॅझ घसरत गेला. आधी दोन पिशव्यांतलं सामान एकमेकांत मिसळायला लागलं. मग लोरेटा सकाळी निघताना एकच पिशवी बाहेर ठेवायला लागली. मग कागदावरची झालेली पायरी पेन्सिलने खोडायची सवय तिने त्याला लावली. मग तो न झालेल्या पायऱ्याही खोडायला लागला. डेनिसला फोन केला की तो म्हणायचा, मी स्वतः बघितलंय ना.

मार्चमधली गोष्ट. मी दुपारी त्यांच्याकडे जेवायला होते. लोरेटा नुकतीच बसवरून आलेली, अंगातला कोटही काढला नव्हता. कॅझने आम्हाला बसवलं आणि दोन ताटं आणली. कडा पुसलेल्या. आत भात होता, वर वाटाणे, आणि त्यावर काहीतरी पांढरट, लिबलिबीत, चकाकणारं. मला आधी वाटलं, कसला तरी सॉस असेल. मग शेगडीजवळ मला ती पिशवी दिसली. खोक्यातलं मांस गार राहावं म्हणून तळाशी बर्फाची पिशवी येते, आत चिकट लगदा भरलेली. ती त्याने कात्रीने व्यवस्थित कापली होती आणि आतलं सगळं कढईत ओतून गरम केलं होतं. कोंबडीचं मांस तसंच कच्चं, ओट्यावर पडलेलं.

तो उभा होता. आमच्या पहिल्या घासाची वाट बघत.

मी लोरेटाकडे बघितलं. तिच्या हातात काटा होता. ती चाखल्यासारखं करून वेळ मारून नेईल, मग गुपचूप कचऱ्यात टाकेल, असं मला वाटलं. गेलं वर्षभर तिने दुसरं काय केलं होतं? पण तिने काटा खाली ठेवला.

“कॅझ,” ती म्हणाली, “हे बिघडलंय.”

“काय बिघडलंय?”

“खाता येणार नाही.”

त्याने ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे, जणू मी काही वेगळं सांगेन. मी मान खाली घातली. त्याने दोन्ही ताटं उचलली, एकावर एक धरून, हॉटेलात धरायचा तशी. कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली, कढई घासली, ओटा पुसला. मग ॲप्रन काढला आणि लोरेटाच्या मांडीवर ठेवला.

“दुसरा कुणीतरी बघ,” तो म्हणाला.

शेगडीपाशी तो पुन्हा गेला नाही. खोकी अजून काही आठवडे येत राहिली, कारण बंद करायचं लोरेटाला सुचलंच नाही. भाज्या पोर्चमध्ये सडल्या. बर्नाडीनने येऊन फोन लावला, कुणाशी तरी कडाक्याचं भांडली आणि खोकी बंद केली. त्या दिवशी ती बहिणीला एक शब्द बोलली नाही. जाताना फक्त बटाट्याच्या सूपचं पातेलं ठेवून गेली.

डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. लवकर आला असतात तर बरं झालं असतं असं नाही, पण घरात काही सोयी करता आल्या असत्या, मुलाला तयार करता आलं असतं, तुम्ही एकट्या पडला नसतात. ऑगस्टमध्ये कॅझला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तो जेवणाच्या वेळी स्वयंपाकघराच्या बंद दाराशी जाऊन उभा राहायचा. तिथून हलवलं की मारायला धावायचा.

मी लोरेटाबरोबर जायचे. तिला तो ओळखेनासा झाला होता. मला मात्र बघितलं की विचारायचा, “बाहेर किती जण बसलेत?” मी म्हणायचे, गर्दी आहे. तो मान हलवायचा. लोरेटा बाजूच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसलेली असायची. एकदा गाडीत ती म्हणाली, “तुला ओळखतो. मला नाही.” मी गाडी चालवत राहिले.

तो त्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. बायकांनी बटाटा भरलेले उकडलेले पिरोगी केले होते, हॅम होतं. डेनिस आईजवळ येऊन बसला. त्याचे डोळे सुजलेले. तो म्हणाला, “आई, एवढं झालं होतं तर मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं,” लोरेटा म्हणाली.

“पण मी आलो तेव्हा तर—”

“हो. तेव्हा मी तुला दाखवलं नाही.”

बर्नाडीन समोरच होती. आता ती पैशांचं काढणार म्हणून मी धास्तावले. तिने काढलंही, पण हलक्या आवाजात. तिने विचारलं, खरं सांग, त्या खोक्यांचं चीज झालं का?

लोरेटाने डेनिसकडे बघितलं. मग म्हणाली, “वर्षभर त्याला कळलं नाही की तो संपलाय. आणि कुणालाच कळलं नाही. मी त्यासाठीच पैसे भरले, बर्नी. चीज झालं की नाही ते मला विचारू नकोस.”

बर्नाडीनने तिच्या ताटात दोन पिरोगी वाढले. लोरेटाने ते खाल्ले नाहीत. ते गार होईपर्यंत ती डेनिसचा हात धरून बसून होती, आणि तळघरातल्या बायका एकेक भांडं उचलून धुवायला नेत होत्या.