पाय न टेकवता

धायरीत आनंदीबाईंना न ओळखणारं माणूस सापडलंच, तर ते नव्या टॉवरमध्ये परवा-तेरवा राहायला आलेलं असणार. त्या टॉवरच्या पार्किंगच्या जागी एके काळी त्यांच्या म्हशी बांधलेल्या असायच्या, हे त्याला कुठून ठाऊक असणार! आनंदीबाई स्वतः सांगायला जात नाहीत. साठी उलटलेली ही बाई मुळात बोलतेच कमी. पण बोलली की समोरच्याला दिवसभर पुरतं.

त्यांची खरी ओळख सायकलची. लग्न होऊन आल्या आणि थोड्याच दिवसांत नवऱ्याचा, भैरूंचा, पाय ट्रॅक्टरखाली सापडला. आता दूध पुण्यात कुणी पोचवायचं, यावर भावकीत खल सुरू झाला. तो चालू असतानाच या बाईनं नऊवारीचा काष्टा घट्ट मारला, भरलेल्या किटल्या कॅरियरला दोन्ही अंगांनी लटकावल्या आणि नवऱ्याची दांडीची सायकल रस्त्यावर काढली. माहेरी भावाची सायकल चोरून चालवलेली होती, ती विद्या कामाला आली. गावानं तोंडात बोटं घातली, आणि दूध काही थांबत नाही म्हटल्यावर काढूनही घेतली.

भरल्या किटल्यांच्या सायकलीत एक मेख असते. एकदा निघालं की मध्ये पाय टेकायचा नाही. टेकला की सायकल एका अंगाला कलते, झाकण उचकटतं आणि दूध रस्त्यावर. वर पुन्हा बसायचं तर दगड नाही तर कट्टा शोधत फिरा. म्हणून आनंदीबाई धायरीहून निघायच्या त्या स्वारगेट येईतो पाय न टेकवता जायच्या. एकुलता मुलगा योगेश शाळेसाठी पुढं दांडीवर बसलेला असायचा. पर्वतीपायथ्याच्या चढाला आईचा दम तुटायला लागला की तो ओरडायचा, "आई, सांडंल!" की लगेच त्यांच्या पायात बळ यायचं.

स्वारगेटला एका हॉटेलात दूध घातलं की काम संपायचं. समोर एस.टी. उभी असायची. पाटीवर नाव, केळशी. एकदा त्यांनी कंडक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, "तिथं रस्ता संपतो बाई, पुढं नुसता समुद्र." एस.टी. धुरळा उडवत निघून जायची आणि आनंदीबाई रिकाम्या किटल्या वाजवत मागं फिरायच्या. रोजच फिरायच्या. आपली सायकल स्वारगेटच्या पुढं कधी गेली नाही, हे त्यांच्या मनात रुतून बसलं ते बसलंच.

मग धायरी शहरात गेली, का शहर धायरीत घुसलं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. जमीन गेली, म्हशी गेल्या, भैरूही गेले. योगेशचा योगेशशेठ झाला, दारात जीपएवढी पांढरी गाडी आली. आनंदीबाईंकडं उरली ती पहाटे चारला उठायची सवय. उठायचं आणि गॅलरीत बसून टॉवरचे दिवे बघायचे, ह्यापलीकडं काही काम नाही. त्यांना त्याचा संताप यायचा.

अशात एकदा सुनेची सायकल नजरेस पडली. सोनालीनं वजन उतरवायला म्हणून हलकी, गिअरची सायकल घेतली होती आणि आठवडाभरात तिच्यावर टॉवेल वाळायला लागले होते. आनंदीबाईंनी टॉवेल काढून बाजूला ठेवले. पहिल्याच फेरीत सायकल लटपटली. लटपटणारच, मागं वजन कुठं होतं? त्यांनी दुकानात जाऊन कॅरियर बसवून घेतलं, माळ्यावरच्या दोन लहान किटल्या काढल्या, पाणी भरलं, लटकावल्या. दुकानदार हसला. सायकल मात्र मुकाट सरळ चालायला लागली.

वर्षभर त्या पहाटे खडकवासल्यावरून पानशेतकडं जाऊन येत होत्या. डिसेंबरात एकदा जेवताना म्हणाल्या, "मी केळशीला चालले. सायकलवर."

योगेशचा घास हातातच राहिला. "अगं, दारात गाडी हाय! लोक काय म्हणतील?"

लोकांनी फार वाट पाहायला लावली नाही. निघायच्या दिवशी चौकातल्या एकानं दात काढत विचारलं, "काय शेठ, गाडी बंद पडली का? आईला सायकलवर काढलं!" योगेशचे कान लाल झाले. त्यानं आईला तिथंच गाठून अट घातली, "मी गाडी घेऊन मागं येणार. चढाला जिथं पाय टेकशील, तिथनं गाडीत बसायचं. मग हट्ट नाय चालणार."

"बसंन की," आनंदीबाई म्हणाल्या. "टेकला तर."

पहिल्या दिवशी कोंढणपूरच्या आडवाटेनं जाऊन, मधला हायवेचा तुकडा दातओठ खात पार करून भोर गाठलं. दुसऱ्या दिवशी नीरेच्या खोऱ्यातला रस्ता लागला. घाटात काम चाललेलं, ट्रकना बंदी, त्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका हाताला धरणाचं पाणी, दुसऱ्या हाताला कापून मोकळी झालेली भातखाचरं. आणि मागं योगेशच्या गाडीची घरघर. आनंदीबाईंनी सपाटी बघून सायकल थांबवली आणि मागं जाऊन काचेवर टकटक केलं.

"तू म्होरं जाऊन थांब. ह्या आवाजात मला काय बी ऐकू येईना."

"ऐकायचं काय हाय हितं?"

"तेच. काय नाय ते."

तो कुरकुरत पुढं गेला. गाडीचा आवाज वळणाआड विरला आणि आनंदीबाईंना साखळीची टिकटिक ऐकू आली. मग किटल्यांतलं पाणी हिंदकळताना ऐकू आलं. लांब कुणीतरी बैलाला हाक मारली, तीही आली. हा असला रस्ता एके काळी त्यांचा स्वतःचा होता. बाभळींचा, कालव्याच्या कडेचा, धायरीपासून सुरू होणारा. तो बुलडोझरखाली गेला असं त्या धरून चालल्या होत्या, आणि हा इथं जसाच्या तसा निघाला. त्यांना इतकं बरं वाटलं की रस्त्यात कुणी नाही असं बघून त्या मोठ्यानं ओवी गायला लागल्या. गळा काही त्यांचा चांगला नाही. समोरच्या झाडावरची माकडं उठून गेली.

घाट उतरून महाड, आणि तिसऱ्या दिवशी सावित्री नदीच्या काठाकाठानं खाली. वाऱ्याला खाऱ्या चिखलाचा वास यायला लागला. चढ आले, उतार आले, पुन्हा चढ आले. कोकणातला रस्ता माणसाला सुखानं बसू देत नाही. आनंदीबाईंचा पाय एकाही चढाला टेकला नाही. योगेश प्रत्येक माथ्यावर गाडी लावून उभा असायचा आणि आई वर आली की पुन्हा पुढं जायचा.

शेवटचा चढ उभाच्या उभा होता. अर्ध्यावर गाडी दिसली. योगेश मागचं दार उघडून उभा होता, आत एसी चालू. आनंदीबाईंना ते उघडं दार लांबूनच दिसलं आणि त्यांचा जीव खट्टू झाला. गिअर संपले होते. मांड्या थरथरत होत्या, पुढचं चाक नागमोडी फिरायला लागलं होतं. दाराशी पोचता पोचता त्यांचा डावा पाय पायडलवरून सुटला आणि रस्त्याकडं निघाला.

"आई, सांडंल!"

किटल्यांत नळाचं पाणी होतं. सांडलं असतं तरी कुणाचं काय बिघडलं असतं? पण पाय खाली गेला नाही. त्यानं पुन्हा पायडल शोधलं, दाबलं, आणि सायकल उघड्या दारावरून पुढं निघाली. योगेश पॉलिश केलेल्या बुटांनी शेजारून पळत होता, पोट सावरत, चाळिशीचा शेठ. "सांडंल, आई! सांडंल! रेट अजून!" गाडी दार उघडं टाकून मागं राहिली. आनंदीबाईंचा ऊर भरून आला. आपल्या पायांचा त्यांना अभिमान होताच, पण शेजारी धापा टाकणाऱ्या या लेकाचा असा अभिमान बऱ्याच वर्षांत वाटला नव्हता.

माथ्यावर चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं घामाघूम योगेशकडं पाहिलं, खाली चढावर दार उघडं टाकलेली पांढरी गाडी पाहिली.

"काय शेठ, गाडी बंद पडली काय?"

योगेशला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकावं लागलं. "गाडी चालू हाय," तो म्हणाला. "आमची आई पुण्यावरनं सायकलवर आली. मी तिच्या मागं पळतोय."

टपरीवाला फडकं हातात घेऊन बाहेर आला. पण आनंदीबाई थांबल्या नव्हत्या. थांबायचं तर पाय टेकावा लागला असता, आणि समोर झाडीच्या वर निळी रेघ दिसत होती.

"जा, गाडी घेऊन ये तुझी," त्यांनी मान न वळवता सांगितलं. "मी होते म्होरं."