फंक्शनच्या डोक्यावरच्या ओळी

सकाळी अकराच्या सुमाराला पेढीवरच्या मुनीमजींचा फोन यायचा. रोज नाही, पण आला नाही की दिवस कसा लंगडा वाटायचा. माझ्या पोळ्या तोवर झालेल्या असायच्या. एकटीच्या अशा किती असणार, दोन माझ्या आणि एक गाईची. ओटा पुसायचा आणि फोन खिडकीत ठेवायचा, कारण आमच्या आतल्या खोलीत रेंज नाही. खिडकीतून समोरच्यांची भिंत दिसते, बाकी काही नाही. मग तो वाजायचा.

"बहनजी, वो घट फिर लाल आ गई." नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम घट.

आता घट म्हणजे काय ते सांगते. सुताची पेढी आहे आमच्या बुऱ्हाणपुरात, तिथं मी बरीच वर्षं कामाला होते. पेढीवाले पावरलूमवाल्यांना सूत वजन करून देतात, ते कापड विणून थानं परत आणतात, तीही वजन करून घेतात. मधे जे वजन कमी भरतं ती घट. थोडी होतेच, धागा तुटतो, झडतो. जास्त झाली की कंप्युटरवर तो आकडा लाल होतो, म्हणजे थांबा, चौकशी करा. आणि आकडा लाल करणारा तो प्रोग्राम मी लिहिलेला.

तर मुनीमजींना मी सांगायची, हे दाबा, ते बघा, अमुक थान दुसऱ्याच्या खात्यात चढलं असेल. ते दाबायचे, आकडा काळा व्हायचा, आणि मग खरं बोलणं सुरू व्हायचं. नळ आले का तुमच्याकडे. शनवारा चौकात केळीच्या ट्रकांनी रस्ता कसा अडवला होता. त्यांचा गुडघा, माझा गुडघा. ते हिंदीत, मी मराठीत, आमच्या गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही. हे गेल्यापासून घरात माझा आवाज मला त्याच वेळी ऐकू यायचा. मुलगी बंगळूरला, ती रविवारी व्हिडिओवर येते. छान बोलते, पण एक डोळा घड्याळाकडे असतो तिचा, दिसतं मला.

प्रोग्राम मला कुणी शिकवला नाही. पेढीवर मी टायपिंगला लागले होते. कंप्युटर आला, बसवणारा माणूस एक जाड पुस्तक ठेवून गेला तो परत फिरकला नाही. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा मी ते पुस्तक वाचायला घेतलं. शाळा अकरावीपर्यंत, इंग्रजी तोडकंमोडकं, एका पानाला आठवडा लागायचा. पण हळूहळू कळलं की मोठं काम एकदम सांगायचं नसतं, छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला एक नाव आणि एक काम. त्याला फंक्शन म्हणतात. माझ्या फंक्शनांची नावं मी मराठीच ठेवली, अक्षरं तेवढी इंग्रजी. सूत दिलं, थान आलं, घट काढ.

आणि पुस्तकात होतं की फंक्शनच्या डोक्यावर कॉमेंट लिहावी. कॉमेंट म्हणजे कंप्युटर जी ओळ वाचत नाही, सोडून पुढे जातो, ती फक्त माणसासाठी. मला ही सगळ्या पुस्तकात आवडलेली एकच गोष्ट. म्हटलं, माझ्या मागून कुणी तरी हे उघडणार. कधी उघडेल? काही तरी अडलं असेल तेव्हाच. आकडे लाल झालेले, शेठ डोक्यावर उभे. अशा माणसाला दारात उभं ठेवून काम सांगायचं का? आपल्याकडे कुणी आलं की आधी बस म्हणतो, पाणी देतो, मग काय काम काढलं ते विचारतो. तसंच मी लिहीत गेले. पुढे मराठी अक्षरं कंप्युटरवर नीट उमटायला लागली तेव्हा सगळ्या कॉमेंटा बसून पुन्हा मराठीत उतरवल्या, आणि लिहिता लिहिता वाढवल्याही. बोलायची सवय, दुसरं काय.

गेल्या उन्हाळ्यात पेढीचं काम शेठांच्या सुनेनं हातात घेतलं. जळगावची पोर, हुशार आहे, आणि मला काकी म्हणते. ती एका दुपारी लॅपटॉप घेऊन घरी आली. म्हणाली, काकी, प्रोग्राम आता इंदूरच्या कंपनीकडे द्यायचा आहे, तुम्ही किती दिवस फोनवर निस्तरणार. त्यांना डॉक्युमेंटेशन पाहिजे, कोणतं फंक्शन काय करतं त्याची माहिती. मी म्हटलं, एवढं सगळं मी परत कधी लिहू? तर ती हसली. लिहायचं नाहीच, म्हणे. तुमच्या कॉमेंटा आहेत ना, त्या वाचून पानं आपोआप बनवणारं एक टूल असतं. ते प्रोग्रामभर फिरतं, प्रत्येक फंक्शन शोधतं, त्याच्या डोक्यावरची कॉमेंट उचलतं आणि मांडून ठेवतं. एक प्रत इंदूरला, एक छापून मुनीमजींच्या टेबलावर.

मला नवलच वाटलं. इतकी वर्षं मी जे कुणासाठी तरी लिहिलं ते वाचणारं कुणी आलं, आणि ते निघालं यंत्र.

तिनं टूल चालवलं. मी चहा टाकून येईपर्यंत पानं तयार. पहिल्या पानावर डाव्या हाताला फंक्शनांची नावं आणि उजव्या हाताला प्रत्येकाची थोडक्यात माहिती. ती स्क्रीनकडे बघत होती आणि ओढणी तोंडाला लावून हसत होती. मी चष्मा लावला.

सूत दिलं – ये, बस आधी.
थान आलं – घाबरू नकोस.
खातं जुळव – तुझी काही चूक नाही यात.
घट काढ – पाणी पिऊन घे, मग वाच.

असं खालपर्यंत. भानगड अशी की ते टूल थोडक्यात माहिती म्हणून कॉमेंटचं पहिलं वाक्य घेतं, पहिल्या पूर्णविरामापर्यंत. आणि माझं पहिलं वाक्य कुठल्याच कॉमेंटमध्ये कामाचं नव्हतं. काम तिसऱ्या-चौथ्या वाक्याला सुरू व्हायचं.

"काकी," ती डोळे पुसत म्हणाली, "इंदूरवाले हे वाचतील ना, तर त्यांना वाटेल पेढीत नाही, मावशीकडे आलो."

मीही हसले. मग तिनं नीट समजावलं, पहिलं वाक्य कामाचं पाहिजे, फंक्शन काय करतं एवढंच, बाकीचं खाली राहू द्या, तुमचं काही काढत नाही मी. बशीत ओतून चहा प्यायली आणि लॅपटॉप माझ्याकडेच ठेवून गेली. ती गेल्यावर मी तिची बशी लगेच विसळली नाही. कुणी येऊन गेल्याचं तेवढंच घरात राहतं.

मग पुढचे दिवस मी तेच करत होते. एकेक फंक्शन उघडायचं आणि डोक्यावरच्या ओळी खालीवर करायच्या. "ये, बस आधी" खाली, आणि वर "विणकराला दिलेल्या सुताचं वजन खात्यात चढवतं." काम सोपं होतं. मधून मधून टूल चालवून पानं बघायची. एकेक ओळ शहाणी होत चालली होती. घट लाल आली तर आधी काय तपासायचं, मग काय, सगळं क्रमानं, कुणालाही कळेल असं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. कुणालाही कळेल म्हणजे मुनीमजींनाही कळेल. घट लाल आली की ते पान काढतील, वाचतील आणि दाबतील. फोन कशाला करतील?

त्या दिवशी मी काम तिथंच बंद केलं. संध्याकाळी राजघाटावर जाऊन बसले, तापीला पाणी कमी होतं, लोक होते.

दुसऱ्या दिवशी जे केलं ते सांगते. एक फंक्शन होतं, ओल धर. हे माझ्या माहेरच्या शहाणपणातून आलेलं. माहेर तुकईथडकडचं, घरी कापूस. वेचलेला कापूस पहाटे जड असतो आणि दुपारी हलका, हे मला लहानपणापासून माहीत. सुताचंही तेच. पावसाळ्यात सूत हवेतली ओल पितं आणि वजनाला जास्त भरतं. ते जड सूत विणकराच्या नावावर चढतं. कापड तो कोरड्या दिवसांत आणतो, ते हलकं भरतं. घट मोठी दिसते. ओल धर हे फंक्शन ती ओल वजा करतं, पण किती धरायची हे दर पावसाळ्यात आपल्याला भरावं लागतं. त्यासाठी गोदामात एक थान बाजूला टांगून ठेवलंय, ते विकायचं नाही, नुसतं तोलायचं. त्याचं वजन किती वाढलं त्यावरून ओल कळते. हे दर पावसाळ्यात मुनीमजी मला विचारायचे आणि मी दर पावसाळ्यात सांगायची. जून ते दसरा, आमचे सगळ्यात जास्त फोन याचेच.

त्या फंक्शनच्या डोक्यावरची कॉमेंट मी पुसून टाकली. बाकी सगळं नीट केलं आणि सूनबाईला पाठवून दिलं. एवढं एक माझ्याजवळ राहू दे म्हटलं.

टूलचं काय असतं, ते बोलत नाही पण गप्पही बसत नाही. ज्या फंक्शनला कॉमेंट नाही त्याच्यासमोर ते लिहितं, वर्णन नाही. चार दिवसांनी सूनबाईचा फोन आला. आवाजात नेहमीसारखी माया. पानं छान झाली, इंदूरवाले खूश आहेत. एकच राहिलंय काकी, ओल धर. ते म्हणतात ज्याला वर्णन नाही ते वापरात नसेल, जुनं पडलेलं असेल, काढून टाकू.



"काढू द्यायचं का काकी?" तिनं विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं."

तिला ठाऊक नव्हतं ती काय विचारतेय. मला ठाऊक होतं. ओल धर काढलं तर काही बिघडल्यासारखं दिसणार नाही. दिवाळीच्या आसपास नुसत्या घटा लाल यायला लागतील, एकाची नाही, दहा जणांची. आणि लाल घट म्हणजे विणकरानं सूत खाल्लं, असाच अर्थ काढतात सगळीकडे. हे फंक्शन नव्हतं तेव्हा पेढीच्या पायरीवर मी एका माणसाला शप्पथा घेताना बघितलंय, पोराच्या डोक्यावर हात ठेवून. कुणी ऐकलं नाही त्याचं. तो गेल्यावर मी ते थान टांगायला लावलं होतं.

"नको काढू," मी म्हटलं. "लिहून देते. राहून गेलं होतं."

"राहून गेलं? तुमचं?" ती म्हणाली, आणि हसून सोडून दिलं.

त्याच दुपारी बसले आणि लिहिलं. पहिलं वाक्य एकदम कामाचं: पावसाळ्यात सुताने प्यालेली ओल वजनातून वजा करतं. मग टांगलेल्या थानाचं. सकाळी शटर उघडायच्या आधी तोलायचं, कारण शटर उघडलं की हवा बदलते. ओल्या हातानं धरायचं नाही. आकडा कुठं भरायचा, भरला नाही तर काय होतं, आणि हे कधीही काढू नये, का काढू नये. मुनीमजी जे जे विचारायचे ते सगळे प्रश्न आठवून त्यांची उत्तरं लिहिली. कधी नव्हे ती एवढी लांब कॉमेंट झाली. टूल चालवलं. वर्णन नाही हे गेलं, माझी ओळ आली.

आषाढ गेला. श्रावण लागला. अकरा वाजता मी ओटा पुसायची आणि फोन खिडकीत ठेवायची, सवयीनं. मुलीनं विचारलं, आई, हल्ली फोन लगेच उचलतेस. मी म्हटलं, जवळच असतो.

एक दिवस मीच लावला.

मुनीमजींनी उचलला आणि घाबरूनच विचारलं, "क्या हुआ बहनजी, प्रोग्राम में कुछ बदला क्या?"

काही नाही, सहज, मी म्हटलं. पण सहज आम्ही एकमेकांना कधी फोन केलाच नव्हता. मग मीच विचारलं, ओल धरली का.

"हां, सुबह ही," ते म्हणाले, आणि जरा खुलले. "पन्ने में लिखा है ना, शटर से पहले. इस बार किसी को पूछना नहीं पड़ा."

छान, मी म्हटलं.

इतकी वर्षं नळाचं, ट्रकांचं, गुडघ्याचं बोललो, पण ते सगळं घट झाल्यावर. घट नसताना कुठून सुरू करायचं ते ना त्यांना माहीत, ना मला. त्यांनी विचारलं, और कुछ काम था? मी म्हटलं, नाही, काम नव्हतं. "अच्छा, तो," ते म्हणाले, तेवढ्यात त्यांच्याकडे कुणी तरी थान घेऊन आलं. फोन बहुतेक त्यांनी टेबलावरच ठेवला, बंद करायचं राहून गेलं. थान काट्यावर टेकल्याचा आवाज आला. मुनीमजींनी वजन मोठ्यानं वाचलं, मग बटणं दाबल्याचा आवाज, मग थोडा वेळ काहीच नाही. आणणारा माणूस हळूच म्हणाला, देख लो, बराबर होगा.

"बराबर है," मुनीमजी म्हणाले. "काली आई है. जाओ, नया सूत ले जाओ."

पायऱ्या उतरून गेलेली पावलं ऐकू आली. त्यानंतर पंख्याचा आवाज येत राहिला, आणि मी फोन कानाला धरून ऐकत राहिले, त्यांच्या लक्षात येईपर्यंत.