आजीनं मान वळवली

देवळाली कॅम्पातून जाताना माझं लक्ष रस्त्यावर राहत नाही. ते रुंद, सावलीचे रस्ते, दगडी बराकी, कौलारू बंगले दिसले की गाडीवर मागं बसल्या बसल्या माझी तंद्री लागते. नवरा काही विचारतो, मी भलतंच उत्तर देते. मला तेव्हा एक लांब खोली दिसत असते. छताला झालरीचा पंखा हलतो आहे, टेबलामागं गोरे साहेब घाम पुसत बसले आहेत आणि समोर हिरव्या लुगड्यात माझी पणजी उभी आहे. लुगडं हिरवं होतं असं मला कुणी सांगितलेलं नाही. तो रंग माझ्या पदरचा.

बाकीची गोष्ट मात्र आमच्या घरातली आहे. इंग्रजांच्या काळात पणजोबा इथल्या छावणीत साईस होते, म्हणजे घोड्यांची निगा राखायचे. एका साहेबाचं पिस्तूल चोरीला गेलं आणि लष्करी कोर्ट बसलं. संशय दोघांवर होता, पणजोबांवर आणि तबेल्यातल्या दुसऱ्या साइसावर. या दुसऱ्याचं आणि पणजीच्या सासऱ्यांचं नाव एकच होतं, म्हणून पणजी त्याला ‘मामंजींच्या नावाचे’ म्हणायची. हे सांगताना आत्या पदर तोंडाला लावून हसायची, आणि आम्हीही हसायचो.

चोराला बंगल्यातून निघताना एकट्या पणजीनं पाहिलं होतं. ती तिथं गवताचे भारे टाकायला जायची. दुभाष्यानं विचारलं, कोण होता? पणजी काही बोलली नाही. तिनं मान वळवली आणि आपल्या नवऱ्याकडं बघितलं. साहेबांना तेवढं पुरलं. आरोपीनं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा तिथला दंडक. पणजोबा तुरुंगात गेले आणि तिथंच वारले. पिस्तूल काही कधी सापडलं नाही.

बाबांच्या मते यात कोडं वगैरे काही नव्हतं. “बायकोनंच नवऱ्याला दाखवून दिलं,” एवढं बोलून ते पेपर उघडायचे. आत्या त्यांची थोरली बहीण. तिला याच पणजीनं, म्हणजे त्यांच्या आजीनं, लहानाचं मोठं केलेलं. पितरांच्या दिवसांत आमच्याकडं निखाऱ्यावर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. ज्याच्यासाठी घास, त्याचं नाव घ्यायचं. बाबा लांबच्या चुलत्यांनासुद्धा वगळत नसत, पण आजीसाठी त्यांनी कधी घास टाकला नाही. आत्या दरवर्षी विंचूरहून त्यासाठी यायची.

“भाऊ, एक घास टाक रे तिला. मी परक्या घरची, माझ्या हातचा पोचायचा नाय. मी गेल्यावर तिला कोन इचारनार?”

“जेवून घे अक्का,” बाबा म्हणायचे. बाबा माझे लाडके, पण तेव्हा मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मग आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. नाशिकरोडच्या एका दवाखान्यात आम्ही तिघं खिडकीशी उभे होतो. बाबा आत्याच्या शेजारी, मी पिशव्या सांभाळत मागं. आतल्या मुलीनं कॉम्प्युटरवरून डोळे न काढता विचारलं, “मिस्टरांचं नाव?” आत्याचे यजमान केव्हाच वारले, पण तिनं त्यांचं नाव कधी लग्नातल्या उखाण्याबाहेर घेतलेलं नाही. मान वळवून तिनं बाबांकडं बघितलं आणि हनुवटी जराशी उडवली. सांग की.

मुलीनं तेवढ्यात वर बघितलं होतं. बाबांकडं हात करून ती म्हणाली, “हेच का मिस्टर? आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“अहो, भाऊ आहे मी तिचा!” बाबा ओरडले. रांगेतली माणसं खो खो हसली, आत्या तर डोळे पुसत हसत होती. मीही हसले. मग बाबांकडं बघितलं तर ते खिडकीच्या कठड्याला धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

घरी परतताना कॅम्पाच्या रस्त्याला लागलो. ऊन झाडांतून गाळून येत होतं आणि रिक्षा जणू पाण्यातून चालली होती. त्या लांब खोलीतला पंखा पुन्हा हलायला लागला. पणजीनं मान वळवली, आणि या खेपेला मला तिची हनुवटी दिसली.

“सासऱ्याचं नाव होतं ना त्या दुसऱ्या साइसाचं,” बाबा हळूच म्हणाले. “ती कशी घेणार? ती आजोबांना म्हणत होती, तुम्ही सांगा.”

आत्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाबा लहान पोरासारखे रडले. मला गोऱ्या साहेबांचा फारसा राग आला नाही, त्यांना काय कळणार होतं! ज्या घरात रोज हनुवट्या उडत होत्या, त्या आमच्या घराचा आला.

त्या वर्षी सर्वपित्रीला बाबांनी स्वतः निखारे फुलवले. सगळ्यांची नावं घेऊन घास टाकले. मग खीर-भाताचा एक घास हातात धरला. आत्या डोक्यावरचा पदर नीट करून पुढं सरकली. बाबा मात्र तसेच थांबले.

“अक्का, आजीचं नाव काय गं?”

आत्यानं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. “आजीच म्हनायचो की आपन,” ती म्हणाली. कोर्टानंतर घरात कुणी तिचं नाव काढलं नव्हतं. मी विंचूरला फोन लावला, कळवणच्या चुलत्यांना लावला. कुणी म्हणालं, साइसाची बायको. कुणी म्हणालं, तुझ्या आजोबांची आई. पुढं कुणालाच सांगता येईना.

निखाऱ्यांवर राख धरायला लागली. “टाक भाऊ,” आत्या म्हणाली. “तसाच टाक.”

बाबांनी बिननावाचा घास विस्तवावर ठेवला. त्याचा चर्र आवाज झाला. आत्यानं हात जोडले आणि मोठ्यानं, घर ऐकेल असं, आपल्या सासऱ्यांचं नाव घेऊन म्हणाली, “मी यांची सून. तुझी नात. जेव गं बाय.”