दादूसचे बारमाही टायर

त्या काळात ठाणे-बेलापूर रस्त्यावरून धावलेलं आणि आमच्या घरमालकांनी ज्याचे टायर वाकून पाहिले नाहीत, असं एकही वाहन नसेल. ट्रक, टेंपो, कारखान्यांच्या बसगाड्या, दूधवाल्याची सायकल, एवढंच काय, पूजेला आलेल्या भटजींची स्कूटरसुद्धा त्यातून सुटली नाही. माणूस उतरून नमस्कार करीपर्यंत हे चाकापाशी उकिडवे बसलेले असत आणि नमस्काराचं उत्तर चाकालाच देत. अठ्ठ्याहत्तर साली मी रत्नागिरीकडून येऊन पावण्याच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये कारकून म्हणून लागलो आणि तळवलीत त्यांच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. माझ्या सायकलचा पुढचा टायर अंगठ्यानं दाबला आणि म्हणाले, "हवा कमी हाय. मानूस आलशी दिसतो." मग खोलीची किल्ली दिली. सारं गाव त्यांना दादूस म्हणे, म्हणजे थोरला भाऊ. मीही तेच म्हणू लागलो. त्यांच्या बायकोला गाव वयनी म्हणे, तेही आपोआप जिभेवर बसलं.

दादूस आमच्याच कारखान्यात परदेशी साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. बाप मिठागरात राबलेला, स्वतः लहानपणी डोक्यावरून मीठ वाहिलेलं. पण स्टिअरिंगवर बसले की एखादा संस्थानिक वाटावा असा ताठा. साहेबांची गाडी म्हणजे तेव्हा दंतकथाच होती. चार दारांची, दिसायला साधी, पण बॉनेटखाली काहीतरी भयंकर दडलेलं. साहेबांच्या देशात ती ताशी दोनशेनं धावायची म्हणे. आमच्या रस्त्यावर पन्नासच्या पुढं गेलं की म्हैस आडवी यायची. एकोणऐंशी साली साहेब मायदेशी परतले. गाडीला सुटे भाग मिळेनात, म्हणून कंपनीनं ती भंगारात काढली आणि भंगारवाल्याच्या आधी दादूस उभे राहिले. वयनींनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी गाडी दारात आली, तेव्हा त्यांनी आधी ओवाळलं आणि मग भांडायला सुरुवात केली.

जुने टायर वर्षभर टिकले. पुढच्या मे महिन्यात महाप्याच्या उतारावर एक फुटला, दुसऱ्याच्या आतल्या तारा दिसायला लागल्या. दादूसनी गाडी ढकलत घरी आणली, भाताच्या खळ्यावर लाकडी ठोकळे मांडले आणि तिला त्यांवर चढवून ठेवली. वर ताडपत्री. "नवे टायर आनतो," म्हणाले. पुढची सहा वर्षं ती ताडपत्री निघाली ती फक्त दसऱ्याला, इंजिन चालू करून बघण्यापुरती आणि झेंडूचा हार घालण्यापुरती.

आता कुणी म्हणेल, टायर ते टायर, त्यात एवढं काय? तसं म्हणणाऱ्या माणसाला दादूस चहा देत नसत. मुळात त्या वेगाचा टायर आपल्याकडे मिळतच नसे. फियाटचा टायर त्या चाकावर बसे खरा, पण बारीक. गाडीला तो दादूसच्या भाषेत "लग्नाच्या नवऱ्याला रबरी चप्पल" दिसे. त्यातून साहेबांनी जाताना त्यांच्या डोक्यात एक किडा सोडून दिला होता. साहेबांच्या देशात बर्फासाठी टायर वेगळे आणि उन्हाळ्यासाठी वेगळे; लोक ऋतू बदलला की कपड्यांसारखे टायर बदलत. पण एक टायर असाही असतो, साहेब म्हणाले होते, की जो बाराही महिने चालतो. दादूसना हे फार आवडलं. "बारमाही," ते हलकेच म्हणायचे, जसं एखादा देवाचं नाव घेतो. आपल्याकडे चार महिने चिखल, चार महिने धूळ, चार महिने डांबर वितळतं; मग अशा टायरची खरी गरज कुणाला आहे, साहेबांना की आपल्याला?

दर रविवारी ते मला घेऊन शोधाला निघत. मी कारकून असल्यामुळे टायरवरचे आकडे मी वाचावेत आणि टायर त्यांनी वाचावा, अशी वाटणी होती. मुंबईच्या टायरबाजारात शिरलं की दुकानदाराकडे ते पहिल्यांदा तांब्याभर पाणी मागत. तो बिचारा तहानलेला म्हातारा समजून माठातलं गार पाणी देई, आणि हे ते पाणी समोरच्या नव्याकोऱ्या टायरवर ओतून, मान वाकडी करून, पाणी कुठल्या खाचेतून कसं बाहेर पडतं ते पाहत बसत. ही पावसाळ्याची परीक्षा. मग टायर उन्हात ठेवायला लावत आणि अर्ध्या तासानं त्यात अंगठ्याचं नख रुतवत. हा उन्हाळा. हिवाळ्याचं मी विचारलं, तर म्हणाले, "हिवाला आपल्याकडे येतो कुठं? त्यो पास." अशा परीक्षांमुळे निम्म्या बाजारात आम्हांला दुकानाची पायरी चढू देईनासे झाले. एका दाढीवाल्या बुजुर्ग व्यापाऱ्यानं मात्र आम्हांला बसवून घेतलं, सगळं ऐकून घेतलं आणि कळवळून सांगितलं, "चाचा, फियाट का डाल दो. गाडी को क्या मालूम?"

दादूस उठले. दारात थांबून म्हणाले, "गाडीला म्हाईत हाय, शेठ."

परतताना बसमध्ये मी न राहवून म्हटलं की दादूस, ती गाडी दोनशेनं न्यायला आपल्याकडे रस्ता तरी आहे का? खिडकीतून खाडीकडे बघतच ते म्हणाले की न्यायची नाहीच. पण आपण जाऊ शकतो, हे तिला माहीत पाहिजे. मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं. दर महिन्याच्या पगाराला एकच सही करत आलेल्या माणसाला तसंच वाटणार.

आणि मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. मुलगा पावण्याचा, तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये फिटर. मुलगी बघायला ती मंडळी स्कूटरींवरून आली. आत पोहे फिरत होते, मुलाची आई लेकीला स्वयंपाकाचं विचारत होती, आणि मुलीचा बाप अंगणात मुलाच्या स्कूटरपाशी. वयनी मला खुणावत होत्या की त्यांना आत आणा. मी गेलो. दादूसनी दोन्ही चाकं फिरवून पाहिली होती, हवा दाबली होती आणि आता व्हॉल्व्हवरचं इवलंसं टोपण काढून परत लावत होते. ते उभे राहिले, हात पुसले आणि मला हळूच म्हणाले, "ज्यानं हे टोपन हरवलं नाय, त्यो बायको सांभालेल." आत जाऊन त्यांनी होकार देऊन टाकला. हुंड्याचं, मानपानाचं बोलणं सुरूच होऊ दिलं नाही.

त्याच बैठकीत त्यांनी जाहीर केलं की पोरगी आपल्या गाडीतून सासरी जाईल. सगळ्यांनी खळ्यावरच्या ताडपत्रीकडे पाहिलं.

लग्न वैशाखातलं होतं. माघ गेला, फाल्गुन गेला, टायर मिळाले नाहीत. दादूसची झोप उडाली. वयनींनी धाकट्या दिराला सांगून भाड्याची जीप बोलून ठेवली, तीही नवऱ्याला न सांगता. एकदा लेकीनं मला विचारलं की फियाटचे टायर बसवले तर बाबांना फार वाईट वाटेल का. तिला स्वतःला काय वाटेल, हे ती बोलली नाही. लहानपणापासून ती गाडी साहेबांची म्हणून तिला हात लावू दिलेला नव्हता, आपली झाल्यावर पहिलं वर्ष टायर झिजतील म्हणून दादूस कुणाला बसवत नसत, आणि मग ती ठोकळ्यांवर गेली. त्या घरातलं कुणीच त्या गाडीत कधी धड बसलेलं नव्हतं.

हे सगळं होणाऱ्या जावयाच्या कानावर गेलं असावं. लग्नाला दहा दिवस असताना तो टेंपो घेऊन आला आणि त्यानं फियाटचे चार नवे टायर अंगणात उतरवले. काही लांबण लावली नाही. एवढंच म्हणाला की दादूस, हे बसवा, ती तुमच्या गाडीतून आली की झालं. दादूस त्या टायरांकडे बघत राहिले. नाही म्हणायला तोंड उघडेना, आणि हो म्हणायला मन घेईना. शेवटी वयनीच मध्ये पडल्या. हळदीपर्यंत तुमचे ते बारमाही मिळाले तर मिळाले, नाहीतर हे बसतील, असा निवाडा झाला. दादूसनी मान डोलावली. त्यांना मान खाली घातलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

वयनींचं माहेर न्हाव्याकडचं. तिथल्या मामांना पत्रिका द्यायला दादूस आणि मी गेलो, तेव्हा हळदीला तीन दिवस उरले होते. न्हावा शेव्याला नव्या बंदराचं काम जोरात सुरू होतं, आणि खाडीच्या धक्क्यावर लाँचींची गर्दी होती. पत्रिका देऊन परत येताना दादूस धक्क्यावर एकदम थांबले आणि पोटावर आडवे झाले. मला वाटलं, घेरी आली. मी शर्ट धरून ओढायला लागलो तर ते ओरडले, "आकडा वाच!"

खाली एक लाँच लागली होती. धक्क्यावर आपटून लाकूड फुटू नये म्हणून लाँचींच्या कडेला जुने टायर बांधतात, तसे हिलाही बांधलेले होते. त्यांतले तीन वेगळे दिसत होते. रुंद, खोल खाचांचे. मी अर्धा लटकून, खारं पाणी तोंडावर घेत आकडा वाचला. गाडीच्या जुन्या टायरवर होता तोच. मी दुसऱ्यांदा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचायची माझीच हिंमत होईना. लाँचवाल्यानं सांगितलं की एका परदेशी जहाजाच्या भंगाराबरोबर ते आले; दोर आतून ओवलाय, भोक कशालाच पाडलेलं नाही. रस्त्यावर ते फारसे चाललेच नव्हते. समुद्रावर टायर झिजतो कशाला?

लाँचवाला आधी सोडायला तयार नव्हता, कारण कडा उघडी कशी ठेवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी दादूस तिथं टेंपो घेऊन गेले आणि जावयाचे चार कोरे फियाटचे टायर देऊन ते तीन जुने, खारट, शेवाळलेले टायर घेऊन आले. चौथा त्यांच्याकडे होताच. गाडीच्या डिकीतली साहेबांच्या वेळची स्टेपनी, जी त्यांनी टायर फुटला त्या दिवशीही काढली नव्हती आणि नंतर सहा वर्षं कुणाला दाखवलीसुद्धा नव्हती. अंगणात गोड्या पाण्यानं टायर तीनदा धुतले. वयनींनी कपाळावर हात मारला. जावयाला निरोप गेला आणि तो आला. नवीन टायर कुठे आहेत, हे त्याला सांगायचं माझ्यावर आलं. तो उकिडवा बसला, एका टायरच्या खाचेत बोट घालून पाहिलं, तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं आणि ते कसं वाहतं ते बघितलं. मग म्हणाला, "चांगला हाय, दादूस." सासरेबुवांनी त्याला तिथंच ओल्या हातानं मिठी मारली.

गाडी हळदीच्या दिवशी ठोकळ्यांवरून उतरली. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. तळवली ते पावणे अंतर असं किती असणार, पण वरात पोहोचायला तासभर लागला, कारण दादूस गाडी चालवत नव्हते, जपून वाहत होते. पुढे बँड, मागे सगळं गाव, आणि मध्ये ती निळी गाडी बैलगाडीच्या चालीनं. मी पुढे दादूसशेजारी होतो; आरशात लेक दिसत होती. तिनं काच खाली करून हात बाहेर ठेवला होता.

परतताना गाडीत पुढे दादूस आणि वयनी, मागे मी आणि माझी बायको; एव्हाना माझंही लग्न होऊन ती त्याच मागच्या खोलीत राहायला आली होती. वयनी पदर तोंडाला लावून रडत होत्या. तळवलीचं वळण आलं आणि गेलं. मी म्हटलं, दादूस, आपलं वळण राहिलं. त्यांनी ऐकलं नाही. पुढे रस्ता मोकळा होता. दोन्हीकडे पडीक शेतं, लांबवर खाडी. मग पायाखालून काहीतरी जागं झाल्यासारखं वाटलं आणि मी सीटला चिकटलो. खांब दिसेनासे झाले. वाऱ्यानं वयनींचा पदर उडाला, केस सुटले, आणि कधीतरी त्यांचं रडणं थांबलं. ऐरोलीच्या पुढं दादूसनी हळूहळू वेग उतरवला आणि गाडी वळवली. तेव्हा समोर बघतच वयनी म्हणाल्या, "परत एकदा."

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बदली झाली. दादूसही आता राहिले नाहीत. गेल्या वर्षी वयनींना भेटायला पावण्याला गेलो. त्या लेकीकडे असतात. मला वाटलं होतं, त्या गाडीला हसतील, मला आठवणी विचारतील. पण त्या नातवाच्या शर्टाला बटण लावत हळूच बोलत होत्या. पोरगी गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणाल्या. मग हे रोज संध्याकाळी मला गाडीत बसवायचे. मी विचारलं, कुठे जायचात?

"कुठंच नाय," वयनी म्हणाल्या. "ठान्यापर्यंत जायाचं नि परत यायाचं. बोलायचे पन नाय काय. पन मना बरं वाटायचं."