फुग्यावरच्या दीर्घिका

नातीसाठी फुगा फुगवताना रबराचा वास नाकात शिरला आणि मला अमरावतीचं कॉलेज आठवलं. साल बासष्ट असावं. दीर्घिका एकमेकींपासून दूर का जातात, हे मी रात्रभर पाठ केलं होतं. सरांनी मात्र माझ्या मैत्रिणीला, कमलला उभं केलं. तिनं फुग्यावर शाईचे ठिपके काढले आणि तो फुगवला. ठिपके लांब लांब सरकले.

“विश्व असं फुगून राह्यलं, सर.”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. ती जागेवर परतताना मी केसांतली पिन हळूच फुग्याला टोचली.

तास संपल्यावर ती जवळ आली. “तूनंच फोडला, मले मालूम आहे. पन तुले समजलं ना वं?”

पहिल्यांदाच नीट समजलं होतं. तेच इतकं झोंबलं, की मी “नाही” म्हणाले. कमल बिचारी पुन्हा पहिल्यापासून समजावत बसली.