हातात मागणारं फंक्शन

आमच्या बर्फ कारखान्याच्या माडीवर ऑफिस आहे. खाली तयार झालेला बर्फ होड्यांबरोबर जातो; वर तयार झालेले किस्से मात्र जागचे हलत नाहीत!

बंगळूरला शिकून मी मालवणात परतलो, तो कोकण बदलायलाच. कारखाना चालवणाऱ्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना, तात्यांना, म्हणालो, "टाक्यांचं तापमान आता कंप्युटरवर दिसेल."

"म्हणजे बर्फ लवकर जमतलो?"

"नाही, पण माहिती मिळेल."

"मगे मासळी माहितीत ठेवतलंस?"

तरी परवानगी दिली. अट एकच: मोसमात होड्या सुटायच्या दिवशी हे चाललं नाही, तर कंप्युटर बंद आणि मी परत बंगळूरला.

*

तापमान वाचणारी डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी हाक मारून वापरायची फाईल, जुनी; धामापूरच्या आबांनी पूर्वी डेल्फी भाषेत लिहिलेली. माझ्या सी-शार्प भाषेतल्या प्रोग्राममधून तिला पहिली हाक मारली. दोन नंबर टाकी: एकेचाळीस लाख अंश!

मेकॅनिक बाबल ओरडला, "तांदूळ आणा रे, टाकीत भात करूया!"

*

दोन दिवसांनी कारण सापडलं. तात्यांना सांगितलं, "आबांचं फंक्शन टाकीचा नंबर हातात मागतं, म्हणजे प्रोसेसरच्या रजिस्टरात. माझा सी-शार्प तो उंबऱ्यावर ठेवतो, म्हणजे स्टॅकवर. त्याला दुसरी रीत येतच नाही."

"लिलावात होडीवालो आणि गिऱ्हाईक एकमेकांशी बोलतत काय? मधे एक उभो रवता. तसो उभो कर!"

चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून जे सुचलं नाही, ते हे!

*

दोन्ही रीती डेल्फीला येतात, म्हणून मधला माणूस डेल्फीतच लिहायला हवा होता. धामापूर गाठलं. आबा पूर्वी बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. त्यांनी आधी जेवायला बसवलं, मग अर्ध्या तासात उंबऱ्यावरचं उचलून हातात देणारी छोटी डीएलएल लिहून दिली.

"आबा, तेव्हाच सगळ्यांना चालेल असं का नाही लिहिलंत?"

"हाक मारणारो मी, ओ देणारो मी. रीत कोणासाठी पाळू?"

*

होड्या सुटायचा दिवस. जेटीवर खलाशी बर्फासाठी खोळंबलेले. स्क्रीनवर दोन टाक्या उणे नऊ, तिसरी अधिक सहा!

"गेलो तुझो कंप्युटर," बाबल म्हणाला.

तात्या खाली गेले. कोपरापर्यंत ओला हात घेऊन वर आले.

"तीन नंबरात बर्फ नाय, पाणीच आसा. ढवळणारो पंखो बंद पडलो."

"पाणी! तात्यांनू, खरंच पाणी! म्हणजे आकडा बरोबर!" बाबलला मिठी मारून मी नाचायलाच लागलो.

तात्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाबल, पंखो सुरू कर. कंप्युटर रवांदे. ह्येका मात्र जरा टाकीत बसव."